आमच्या विहिरीला आलेली भरती

आधी माफी मागतो. या सदरात अनुभव लिहिणारे बहुतेक जण नोकरीतले, चार गावं फिरलेले, पुष्कळ वाचलेले असतात. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकणारा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भूगोल हा माझा मुख्य विषय — शिकवणं कानडीत, नोट्स इंग्रजीत, आणि घरी येऊन मी ते सगळं मनातल्या मनात मराठीत समजून घेतो. अशा मुलानं छापायला काही पाठवावं का, हे कळत नव्हतं. लिहिलेलं पुसलं, परत लिहिलं. शेवटी पाठवतोय, कारण जे घडलं ते मी स्वतः मोजलेलं आहे. मोजण्याबद्दल मला शंका नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

दुसरं म्हणजे, भुताखेतांच्या, चमत्काराच्या असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या शिवारात ओढ्याच्या कडेला एक चिंच आहे. तिच्याखालून जाताना माणसं मुद्दाम खोकत जातात. मी त्याच चिंचेखाली बसून बारावीचा अभ्यास केलाय आणि चांगल्या मार्कांनी पास झालोय. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आता जागा नीट सांगतो. आमची विहीर परसाला लागूनच आहे. आजोबांच्या वेळची, काळ्या दगडात खोदलेली, आत उतरायला दगडी पायऱ्या. ऊस, सोयाबीन आणि थोडी भाजी तिच्यावर होते. मोटार विहिरीच्या काठावर आणि स्टार्टरची पेटी घराच्या मागच्या भिंतीवर. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, बसनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यानं हे सांगायला लाजलं पाहिजे, पण खरं ते खरं.

समुद्र पाहिलाय तो माझ्या मोठ्या भावानं. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. अण्णा पोकलेन ऑपरेटर आहे. हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटावर हॉटेल बांधायचं काम चाललंय, तिथल्या कंत्राटदाराकडे तो नोकरीला आहे. बेटाचं नाव लिहू नको असं त्यानं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. मोबाईलच्या नकाशात बोटांनी खूप मोठं केल्याशिवाय ते दिसतही नाही.

या बेटाच्या मधोमध एक लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचं तळं आहे. पुस्तकातल्या लगूनला समुद्राकडे कुठंतरी तोंड असतं. याला नाही. चारी बाजूंनी जमीन, नारळ आणि कमरेएवढी झुडपं. काठावर उभं राहिलं तर आपल्याकडच्या गावतळ्यासारखंच वाटेल. पण समुद्राला भरती आली की हे बंदिस्त पाणीही चढतं, आणि ओहोटी लागली की उतरतं — जरा उशिरा आणि जरा कमी. कारण बेट प्रवाळाचं आहे. प्रवाळाचा खडक स्पंजासारखा असतो, समुद्र त्याच्या आतून झिरपत येतो. वरच्या थराला पावसाचं हलकं, मचूळ पाणी आणि खाली जड, खारं पाणी. त्यात तांदळाच्या कणीएवढी, तांबूस रंगाची कोळंबी असते. अण्णा याचे व्हिडिओ पाठवायचा. त्यावरून मी वर्गात सेमिनारसुद्धा दिला.

"तुझ्या तळ्यावर मला मार्क मिळाले की रं अण्णा," असं मी फोनवर सांगितलं.

"मग निम्मं मार्क मला पाठव," तो म्हणाला. "दहावीला कमी पडलेत."

आता आमच्या घरातली एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही जैन. आमच्यात पाणी कापडातून गाळून घेतात, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण गाळलं म्हणजे काम संपत नाही. कापडावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते, कापड उलटं करून, गाळलेल्या पाण्यानं धुऊन घ्यायचे, आणि ते पाणी जिथलं तिथं परत सोडायचं. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. त्याला जिवाणी म्हणतात. तीही वरून ओतायची नाही. छोट्या कळशीच्या तळाला कडी असते, दोरीनं कळशी पाण्यापर्यंत उतरवायची आणि तिथं हळूच उपडी करायची, म्हणजे जिवांना मार लागत नाही. आई हे रोज सकाळी करते. अण्णा परदेशी निघाला तेव्हा तिनं त्याच्या बॅगेत लोणच्याच्याही आधी गाळण्याचं कापड घातलं होतं.

बेटावर प्यायला कंपनीचं पाणी, पण अंघोळीला लगूनचं. अण्णा तेही गाळून घ्यायचा आणि जिवाणी परत लगूनमध्ये सोडायचा. बरोबरचे लोक हसायचे. रफीक म्हणून त्याचा एक खोलीतला दोस्त आहे, तो मात्र न हसता दोरी धरायचा.

दिवाळीनंतर अण्णा मोठ्या सुट्टीवर घरी आला. दुसऱ्या दिवशी आई त्याचे धुवायचे कपडे काढत होती. त्यात एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी निघाली. आत ओलं कापड आणि तळाशी थोडं पाणी.

"हे काय रं?"

"गाळणं हाय, आई. निघायच्या दिवशी पाणी गाळलं आन् बोटीनं भोंगा दिला. जिवाणी सोडायला टाइमच मिळाला न्हाय. मग तसंच गुंडाळून आणलं."

"म्हंजे ती सगळी ह्यात कोंडून आणलास? विमानातनं?"

"तिकीट न काढता आलीत," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे आमचे वडील. ते पेपर वाचत होते, वर बघितलंसुद्धा नाही.

आई हसली नाही. ते जीव त्यांच्या पाण्यात सोडायचे तर समुद्र ओलांडून जायला हवं. पिशवीत ठेवले तर मरणार. ती थोडा वेळ पिशवी हातात धरून उभी राहिली. मग विहिरीवर गेली, कापड उलटं करून धुतलं आणि कळशी उतरवून ती जिवाणी आमच्या विहिरीत सोडली.

"जगूंद्यात हितं," म्हणाली.

चूक म्हणायची तर एवढीच. दुसऱ्या कुठल्या घरात ते कापड साबणाच्या पाण्यात गेलं असतं आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

चार-पाच दिवसांनी मी दुपारी विहिरीच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. लाईट नव्हती, मोटार बंद. माझे पाय कोरड्या पायरीवर होते. वाचता वाचता तळव्यांना गार लागलं. बघतो तर पाणी पायरीवर आलेलं. मला वाटलं बसताना माझ्याच लक्षात आलं नसेल. पुस्तक मिटून बघत राहिलो. पाणी घोट्याला आलं. हलत नव्हतं, आवाज नव्हता, बुडबुडे नव्हते. नुसतं वर येत होतं… एखादं माणूस न बोलता शेजारी येऊन बसावं तसं. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. ओढा आटलेला. संध्याकाळी परत जाऊन बघितलं तर ती पायरी उघडी पडली होती, दगडावर फक्त ओली रेघ.

मी घाबरलो नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. प्रोजेक्टला विषय मिळाला असं वाटलं.

आमच्या भूगोलाच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजूबाजूला बोअर किती आहेत? तुमच्याकडं थ्री-फेज कधी असते?"

शेतीच्या मोटारींना लागणारी थ्री-फेज वीज आमच्याकडे पाळीनं मिळते. एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, सोमवारी पाळी बदलते. मॅडम म्हणाल्या, थ्री-फेज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, जमिनीतलं पाणी खाली जातं. वीज गेली की परत भरतं. तुझ्या विहिरीची भरती-ओहोटी म्हणजे वीज मंडळाची पाळी.

इतकं सोपं उत्तर ऐकून मी वरमलो. पण तपासायचं ठरवलं. पायऱ्यांच्या कडेला खडूनं खुणा केल्या आणि जमेल तेव्हा पाण्याची वेळ बघू लागलो. मोटारीमुळे पाणी उतरायचं ते वेगळं दिसायचं — भराभर उतरायचं आणि मोटार बंद झाली की तिथंच थांबायचं. पण त्याखाली दुसरी एक चाल होती. दिवसातून दोनदा सावकाश चढायचं, दोनदा सावकाश उतरायचं. आणि चढायची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढे सरकायची. वीज मंडळाची पाळी अशी रोज सरकत नाही. रोज अशी सरकते ती चंद्राची वेळ.

गोव्याच्या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं. ते लावून बघितलं, जुळलं नाही. मग मला पिशवीतलं कापड आठवलं. आठवल्यावर मीच माझ्यावर हसलो, तरीपण अण्णाला म्हटलं, रफीकला सांगून लगूनमध्ये एक बांबू रोवायला लाव आणि पाणी कधी चढतं ते विचार. रफीकनं काही न विचारता बांबू रोवला आणि फोटो पाठवू लागला. बेटावरचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. तो फरक धरला आणि बघितलं…

जुळलं. पहिल्या दिवशी जुळलं, दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर जुळत राहिलं. बेटाच्या समुद्राशी नव्हे — लगूनशी. त्या बंदिस्त पाण्याला समुद्रापेक्षा जेवढा उशीर व्हायचा, तेवढाच उशीर आमच्या विहिरीला व्हायचा.

मॅडम घरी येऊन बघून गेल्या. पाणी पायरीवर चढताना त्यांनी स्वतः पाहिलं. जाताना म्हणाल्या, "निरीक्षण लिही. निष्कर्ष लिहू नकोस." तेच करतोय.

एक कबूल करतो. त्या दिवसांत मी रोज पायरीवर पाय सोडून बसायचो. समुद्र न बघितलेल्या माणसाच्या पायाला भरती लागत होती. पाण्याला आमच्या विहिरीचीच चव होती, खारट अजिबात नाही. पण वास थोडा वेगळा यायचा. अण्णाला विचारलं तर तो वाकून हुंगून म्हणाला, "व्हय रं, तिथलाच हाय." आणि काठावर जाऊन उभा राहिला.

घरात सांगितल्यावर आप्पांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. "शिकवून चूक केली काय ह्याला?" असं अण्णाला म्हणाले. आई मात्र एवढंच म्हणाली, "म्हंजे ती अजून तिकडच्या पाण्याची वाट बगाय लागलीत."

त्याच दिवशी तिनं नियम घेतला. ते जीव त्यांच्या पाण्यात पोचेपर्यंत रोज एकाशन. म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं, आणि पाणीही त्याच बैठकीला प्यायचं. नंतर घोटभरसुद्धा नाही. आईला आधीच चक्कर यायचा त्रास आहे. आम्ही तिघांनी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

आता सगळं अण्णाच्या परतीवर होतं, आणि त्यात एक अडचण होती. परत गेल्यावर त्याचं पहिलं काम होतं लगूनपासून समुद्रापर्यंत चर खणायचं. हॉटेलच्या बोटी आत याव्यात म्हणून. चर फुटला की समुद्र सरळ आत येणार, आणि ते बंदिस्त पाणी बंदिस्त राहणार नाही. आईच्या हिशेबानं मग ते पाणी 'तेच' राहणार नव्हतं. जिवाणी त्याआधी पोचायला हवी होती.

अण्णा निघायच्या दिवशी विहीर चढलेली असताना आईनं पाणी काढलं. तेच बेटावरचं कापड लावून कळशीवर कळशी गाळली आणि सगळी जिवाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरली. आप्पा काठावर उभे होते.

"ह्यात त्यांचं कुठलं आन् आपल्या हिरीतलं कुठलं, हे कसं कळणार? आधार कार्ड बगणार व्हय?"

"सगळी जाऊंद्यात," आई म्हणाली. "वळखतील ती आपापसात."

"विमानतळावर इचारलं तर काय सांगू?" अण्णानं विचारलं.

"गंगाजल म्हण," मी म्हटलं.

"खोटं कशाला बोलायचं? जीव हाईत म्हणून सांग."

"सांग बाबा," आप्पा म्हणाले, "आन् तसाच परत ये घराकडं."

अण्णा गेला. बेटावर पोचल्याचा मेसेज आला आणि त्याच रात्री तिकडं वादळ झालं. मोबाईलचा टॉवर पडला. कंत्राटदाराच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला तर सगळी माणसं सुखरूप आहेत असं कळलं. जिवाणीचं काय झालं हे ऑफिसला कसं विचारणार?

पोचल्याच्या मेसेजनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायरीवर होतो. पाणी अर्ध्या पायरीवर आलं… आणि थांबलं. मोटार लावलेली नव्हती; पाणी उतरलं नाही, चढलं नाही. संध्याकाळी तिथंच, सकाळी तिथंच. मी पळत आईकडे गेलो. "आई, पोचली बघ, अण्णानं सोडली," मी म्हटलं.

आई भाकरी थापत होती. हात थांबवला नाही.

"थांबली म्हंजे पोचली, असं कोण सांगितलं तुला? मेल्यावरबी थांबतंयच की सगळं."

वादळात डबा फुटला असेल. बॅग विमानतळावरच राहिली असेल. चर आधीच खणला असेल. विहीर फक्त एवढंच सांगत होती की आता काही नाही.

एकाशन चालू राहिलं. आठवडे गेले. एकदा ती चुलीपुढून उठताना भिंतीला धरून खाली बसली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिनं तो हातानं बाजूला सारला, रागानं नाही. त्या दिवसापासून आप्पांनी संध्याकाळचा चहा सोडला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पित्त व्हतंय." आप्पांना आयुष्यात कधी पित्त झालेलं मला आठवत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मॅडमकडेही नाही. खडूच्या खुणा अजून पायऱ्यांवर आहेत, रफीकचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत, वेळा जुळतात. सहाशे मीटर उंचीवरच्या काळ्या दगडातल्या विहिरीचा आणि समुद्रातल्या बेटावरच्या तळ्याचा संबंध भूगोलात बसत नाही, आणि मी भूगोल मानतो. विहीर थांबली तिथंच हा अनुभव संपवायचा असं मी ठरवलं होतं. पण परवा बातमी आली.

दुपारची वेळ होती. आम्ही तिघं मागच्या सोप्यात बसलो होतो. आईचं जेवण व्हायचं होतं. थ्री-फेज आलेली, त्यामुळे आप्पांनी मोटार चालू केली होती आणि उसाला पाणी चाललं होतं. माझा मोबाईल वाजला. अण्णाचे दोन व्हॉइस मेसेज. मी पहिला मोठ्यानं लावला.

"आई, मी बोलतोय. टॉवर आज उभा झाला. जिवाणी सोडली बग. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारीच सोडली, चर मारायच्या आधी. कळशी न्हवती, डब्यालाच दोरी बांधली. पाण्यापतुर सोडून हळूच उपडी केली. दोरी रफीकनं धरलती. डबा गळला न्हाय, काय न्हाय. सगळी पोचली. आता दोन टाइम जेव."

म्हणजे तीच दुपार. आईनं पदरानं तोंड पुसलं, उठली, घागर आणि गाळणं घेतलं.

"पुढचं तुमी ऐका," म्हणाली आणि विहिरीकडे गेली. तिला पाणी प्यायचं होतं, आणि ते आमच्याच विहिरीचं ताजं प्यायचं होतं.

मोटारीच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून दुसरा मेसेज लावताना मी फोन आप्पांच्या कानाजवळ धरला. अण्णाचा आवाज आता हळू होता.

"आप्पा, हे आईला लगेच सांगू नगा. चराचं काम बंद पडलंय. तळ्याचं पाणी भलत्याच टायमाला उतराय लागलंय. भरती असूंदे न्हायतर ओहोटी, मधीच भराभर उतरतंय, आन् मग एकदम थांबतंय. इंजिनियर म्हणतोय खाली भोक पडलंय. पाणबुडे उतरवले, भोक न्हाय. जिवाणी सोडल्यापासनंच हाय हे. गेल्या आठवड्यात सकाळी उतरायचं, ह्या सोमवारपासनं दुपारी उतरतंय. रफीक म्हणतोय जिन्न हाय, भूत. मी कुणाला काय बोललो न्हाय… पण आप्पा, ह्या आठवड्यात आपल्याकडं थ्री-फेज कवा असतीया?"